पंचेचाळिशीत एमबीए? करा, पण घर गहाण ठेवून नको

राजेहो, गेल्या महिन्याभरात एकच प्रश्न तिघांनी विचारला. एक जण पारसच्या वीज केंद्रात आहे, दुसरा नांदगाव पेठ एमआयडीसीत मेंटेनन्स पाहतो, तिसरी आमची अकोल्याची एक ताई, तंत्रनिकेतनात शिकवते. वयं ४२ ते ४८. तिघांची नोकरी ठीक, कामात हात पक्का, आणि तिघांच्या डोक्यात एकच किडा: एमबीए करू का आता?

त्या "आता"वर तिघांचाही जोर. तिघांना वेगवेगळं लिहीत बसण्यापेक्षा इथेच लिहितो, म्हणजे ज्यांनी विचारलं नाही पण मनात आहे, त्यांनाही वाचता येईल. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आपल्याकडे या वयात पुस्तक हातात घेतलं की आजूबाजूचे काय म्हणतात ते सगळ्यांना पाठ आहे. "कायले डोकं खपवून रायले भाऊ ह्या वयात? पोराच्या ॲडमिशनचं पाहा ना आधी." ऑफिसात चहाच्या टपरीवर, "काहून, साहेब व्हायचं हाय का?" बाईमाणूस असेल तर त्याहून वाईट, "तुला काय कमी पडलं गं घरात?" मी स्वतः एकवीस वर्षं मशीनच्या आवाजात काढून ४४व्या वर्षी मुक्त विद्यापीठातून एमबीए केलं. पहिल्या पेपरला गेटवरच्या पोरानं मला पर्यवेक्षक समजून आदरानं वाट करून दिली होती. त्यानं काही बिघडत नाही. हसतात लोक दोन महिने, मग विसरतात.

तर माझं उत्तर: करा. पण कशासाठी करता ते आधी स्वतःशी स्पष्ट करा, कारण बहुतेक जण चुकीच्या कारणासाठी करतात आणि मग पदवीला शिव्या घालतात.

प्रमोशनसाठी करत असाल तर आधी तुमच्या खात्याचे, कंपनीचे नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी बढती सेवाज्येष्ठतेवर आणि खात्यांतर्गत परीक्षेवर चालते, एमबीएचा त्यात कागदापुरताही उपयोग नसतो. पुण्या-मुंबईत कॉर्पोरेट नोकरी मिळेल म्हणून करत असाल तर स्पष्ट सांगतो, कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या बावीस-पंचवीसच्या पोरांसाठी येतात. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला त्या रांगेत उभं राहून काही हाती लागत नाही. उलट तुमच्या धंद्यातल्या ओळखीतून, तुमच्या कामाच्या नावावर जे मिळेल ते त्या रांगेपेक्षा केव्हाही मोठं असतं.

मग करायचं कशाला? पैसा वाचता यावा म्हणून. पैसा कमावता यावा असं म्हणत नाहीये मी. वाचता यावा.

थोडं समजावून सांगतो. जून २०२२ मध्ये आपल्याच अमरावती-अकोला मार्गावर, लोणी ते माना दरम्यान, ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकला गेला आणि गिनेस बुकात नोंद झाली. ३ जूनला काम सुरू, ७ जूनच्या संध्याकाळी संपलं. भर उन्हाळ्याच्या शेवटाला, आपल्या त्या ऊन्हात. आपण सगळ्यांनी फोटो फिरवले. पण त्यात डांबर टाकण्याची कला जेवढी होती तेवढंच दुसरं काहीतरी होतं. गरम माल थंड व्हायच्या आत पेव्हरपर्यंत पोचला पाहिजे, टिप्परची रांग तुटली नाही पाहिजे, रोलरवाल्याची पाळी बदलताना मशीन थांबली नाही पाहिजे, डिझेल, जेवण, पाणी, दवाखाना. शेकडो माणसं दिवसरात्र. हे सगळं व्यवस्थापनच आहे, आणि ते करणारे लोक इंजिनीअर, सर्व्हेअर, फोरमन, ऑपरेटर होते.

म्हणजे माणसं कशी हलवायची, वेळ कशी गाठायची, बिघाड झाला तर काय करायचं, हे तंत्रज्ञ माणसाला कॉलेजनं शिकवायची गरज नाही. वीस वर्षं शटडाऊन काढलेल्या माणसाला "टीमवर्क"चं लेक्चर देणं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी ओलं असतं हे सांगणं. एमबीएच्या अभ्यासक्रमाचा तो भाग तुम्ही झोपेत पास व्हाल. अडतं ते पुढे. तुम्ही साहेबांकडे किंवा मालकाकडे प्रस्ताव घेऊन जाता, तो दोन मिनिटं कागद पाहतो, म्हणतो "पाहू", आणि विषय संपतो. तुम्ही बाहेर येऊन म्हणता, याला मशीनमधलं काही समजत नाही. त्याला नसेलही समजत. पण तो जे पाहत होता ते तुम्हालाही समजत नव्हतं.

आपल्या भागातलं उदाहरण घेऊ, जिनिंगचं. (आकडे हिशोब कळावा म्हणून गोल धरले आहेत, कोणत्या फॅक्टरीचे नाहीत.) समजा फोरमननं नवीन मशीन सुचवली, किंमत ४० लाख. वीज कमी लागेल, रुई स्वच्छ निघेल, माणसं कमी. तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के बरोबर. आता मालकाच्या चष्म्यातून पाहा. ४० लाखांवर ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज ४ लाख ४० हजार. मशीन दहा वर्षं चालेल धरलं तर दरवर्षीची घट ४ लाख. म्हणजे वर्षाला ८ लाख ४० हजार रुपये ती मशीन नुसती उभी राहण्याचे खाते. आणि आपली जिनिंग चालते किती? हंगामाचे चार महिने. १२० दिवस धरा. ८ लाख ४० हजार भागिले १२०, म्हणजे रोजचे ७ हजार. मशीननं दिवसाला सात हजार वाचवले तर कुठे मालक बरोबरीत. त्यातून पुढे नफा. हीच मशीन वर्षाचे ३०० दिवस चालणाऱ्या कारखान्यात असती तर दिवसाला २,८०० वाचवूनही परवडली असती.

बस, एवढंच. पाचवी-सहावीचं गणित आहे. पण वीस वर्षं मशीनवर काम केलेल्या किती जणांनी हा हिशोब कधी मांडला? आणि ज्यानं मांडला तो मालकाकडे कसा जाईल? तो म्हणेल, साहेब, मशीन चाळीस लाखांची आहे, हंगाम चारच महिने आहे, म्हणून नवीन घेण्याऐवजी जुन्या चार मशिनींचे रोलर आणि मोटरी बदलू, सहा लाखांत अर्धा फायदा मिळतो. त्या माणसाचं म्हणणं मालक दोन मिनिटांत गुंडाळत नाही. खुर्ची देतो.

तयार मालाचंही तसंच. गोडाऊनमध्ये एक कोटीच्या रुईच्या गठाणी भाव वाढायची वाट पाहत पडल्या आहेत. इंजिनीअरला वाटतं माल आहे, म्हणजे पैसा आहे. बँकेच्या कर्जावरचा माल असेल तर ११ टक्क्यांनी महिन्याला नव्वद हजारांच्या वर व्याज त्या गठाणींवर बसून आहे. भाव तेवढा वाढला नाही तर गठाणी विकूनही तोटा. खेळतं भांडवल हा शब्द आपण पेपरात वाचतो, पण तो खरा कळतो तो असा.

अकोल्याचं आणखी एक. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं "पीकेव्ही मिनी दाल मिल" तयार केली, गावपातळीवर चालेल अशी. विदर्भात कुणाला माहीत नाही ती? मशीन चांगली, आपल्याच मातीतली, आपल्याच लोकांनी केलेली. शंभर किलो तुरीतून सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ, बाकी चुरी आणि भुसा, तेही विकलं जातं. तरी माझ्या पाहण्यात काही गावांत ती जोरात चालली आणि काही गावांत ताडपत्रीखाली गेली. मशीन तीच. फरक कुठे? तूर बाजारात येते जानेवारी-फेब्रुवारी-मार्चात, डाळ विकायची वर्षभर. ज्याच्याकडे हंगामात तूर घेऊन ठेवायला पैसा होता, किंवा निदान शेतकऱ्याची तूर घेऊन फक्त भरडून द्यायची, आपला पैसा अडकवायचा नाही एवढं ज्याला सुचलं, त्याची चालली. ज्यानं सगळं अनुदान आणि घरचा पैसा मशिनीतच घातला, त्याच्याकडे पहिली पोती घ्यायला काही उरलं नाही. बिघाड मशीनमध्ये नव्हता, हिशोबात होता.

आता मुद्द्यावर येतो. मला ही गोष्ट नुसती वैयक्तिक करिअरची वाटत नाही, वऱ्हाडाची वाटते. ब्रिटिशांच्या काळापासून आपला कापूस गठाणी होऊन बाहेर जातो. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, १७० किलोची एक गठाण व्हायला जवळपास पाच क्विंटल कापूस लागतो, आणि गठाण झाली की आपला संबंध संपला. सूत, कापड, शिलाई, ब्रँड, सगळा पुढचा पैसा दुसरीकडे. अचलपूरची फिनले मिल टाळेबंदीत बंद पडली तेव्हा तिथले कुशल कामगार, जॉबर, फिटर घरी बसले. मशीन चालवणारे हात आपल्याकडे होते, आहेत. मिल चालवायची की नाही हे ठरवणाऱ्या टेबलावर आपलं कुणी नव्हतं.

आता अमरावतीत पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क येतोय. २० सप्टेंबर २०२४ला वर्ध्याच्या कार्यक्रमात पायाभरणी झाली, हजार एकरांच्या आसपासची जागा. चांगली गोष्ट. होईल तेव्हा होईल, कारखाने येतील. पण तिथे आपली माणसं कोणत्या खुर्चीवर बसणार? गेटवर सिक्युरिटी, आत हेल्पर, फार तर शिफ्ट इंजिनीअर, आणि वरचे मॅनेजर सुरत-कोइंबतूर-मुंबईचे? माझा त्या लोकांवर राग नाही, त्यांना हिशोब येतो म्हणून ते तिथे बसतात. पण आपल्या एमआयडीसीत वीस-वीस वर्षं घासलेली माणसं आहेत, ज्यांना यंत्र कळतं, कामगार कळतो, इथली वीज, पाणी, हंगाम, राजकारण सगळं कळतं. त्यांना फक्त ताळेबंद वाचता येत नाही. ही एवढी एक पायरी चढली तर ती माणसं युनिट चालवू शकतात. नाहीतर स्वतःचं लहान युनिट टाकू शकतात. मला पंचेचाळिशीतल्या एमबीएत रस आहे तो यासाठी.

आता व्यवहाराचं. करायचं कुठून?

नेहमीचं दोन वर्षांचं पूर्णवेळ एमबीए. त्यासाठी राज्य सीईटी कक्षाची परीक्षा. पदवीला ५० टक्के, महाराष्ट्रातल्या मागासवर्गीय आणि दिव्यांग उमेदवारांना ४५ टक्के. वयाची अट नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. पण परीक्षा पाहा, १५० मिनिटांत २०० प्रश्न. एका प्रश्नाला ४५ सेकंद. ती वेगाची परीक्षा आहे, समजेची नाही, आणि वेगात बावीस वर्षांचं पोरगं तुम्हाला हरवणारच. समजा पास झालात, तर नोकरी सोडून रोज वर्गात हजेरी. वर उन्हाळ्यात सहा-आठ आठवड्यांची इंटर्नशिप. ज्यानं स्वतः पन्नास पोरांना ट्रेनिंग दिलं त्यानं आता कुठे इंटर्न म्हणून जायचं? म्हणून नोकरदाराला हा रस्ता मी सांगत नाही.

दुसरा टोकाचा रस्ता, मोठ्या संस्था. अनुभवी लोकांसाठीचे एक वर्षाचे अभ्यासक्रम आयआयएम अहमदाबादला आहेत, हैदराबादच्या आयएसबीला आहेत. दर्जाबद्दल शंका नाही, पण फी तीस लाखांच्या वर जाते. आपल्या जवळ आयआयएम नागपूर आहे, २०१५ला सुरू झालं, मे २०२२ पासून मिहानमधल्या स्वतःच्या कॅम्पसवर. नोकरदारांसाठीचे कार्यक्रम तिथेही असतात. अमरावतीहून दीडशे किलोमीटर. पैसा आणि सवड असेल तर नक्की चौकशी करा.

पण कर्ज काढायच्या आधी पुन्हा तोच मालकाचा चष्मा लावा. २० लाखांचं कर्ज, ११ टक्के, सात वर्षं. हप्ता महिन्याला ३४ हजारांच्या आसपास. एकूण परतफेड पावणेएकोणतीस लाखांच्या घरात. तुम्ही ४६चे, निवृत्ती ५८ला. त्याच सात वर्षांत मुलगी बारावीला, मुलगा इंजिनीअरिंगला, आईबापांचं आजारपण. पगार महिन्याला हप्त्याहून जास्त वाढेल याची कुणी हमी देतंय का? देत नसेल तर ही गुंतवणूक नाही, हौस आहे. हौसेला हरकत नाही, पण कर्जाची हौस नको. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते गाडगेबाबा कीर्तनात दोन गोष्टी हटकून सांगायचे. पोटाला चिमटा घ्या पण शिका, आणि कर्ज काढू नका. या एका विषयात दोन्ही एकदम लागू पडतात.

राहिला मधला रस्ता, आणि माझ्या मते आपल्या माणसासाठी तोच. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, १९८९ला स्थापन झालेलं, ज्याचं अमरावतीला विभागीय केंद्र आहे. आणि इग्नू, १९८५चं, ज्याचं आपल्यासाठीचं प्रादेशिक केंद्र नागपूरला. इग्नूच्या एमबीएला पूर्वी ओपनमॅट ही प्रवेश परीक्षा होती, ती आता नाही. पदवीच्या गुणांची अट पूर्ण केली की थेट प्रवेश. कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त चार. पूर्ण पदवीचा खर्च एक लाखाच्या आत बसतो. हंगामात पुस्तक उघडता आलं नाही तर पुढच्या सत्रात पेपर देता येतो, ही सोय जिनिंगवाल्या माणसासाठी सोन्याची आहे.

"पण दूरस्थ पदवीला किंमत नसते ना?" हा प्रश्न येतोच. यूजीसीनं सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. कागदावर तरी वाद संपला. बाजारात कॅम्पसच्या नावाला वजन असतं हे खरं, पण वर म्हटलं तसं, तुम्ही त्या बाजारात उभे राहायचंच नाही.

इथे एक गोष्ट नीट ऐका, कारण यात आपली बरीच तांत्रिक माणसं पोळली आहेत. नोव्हेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीशिवाय पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांवर निकाल दिला. अभियांत्रिकीची पदवी पत्रव्यवहारानं मिळत नाही, हे त्यात ठणकावलं. डिप्लोमा करून नोकरीला लागलेल्या, रात्री अभ्यास करून ती पदवी मिळवलेल्या किती तरी लोकांच्या बढत्या देशभर अडचणीत आल्या. एमबीए दूरस्थ चालतं, पण संस्थेला त्या वर्षासाठी, त्या अभ्यासक्रमासाठी यूजीसीची मान्यता आहे का हे तुम्हीच पाहायचं. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या वेबसाइटवर यादी असते. २०२४पासून प्रवेश घेताना डेब-आयडी काढावा लागतो, तो नसताना कुणी "ॲडमिशन झालं सर" म्हणत असेल तर फोन ठेवा. सहा महिन्यांत एमबीए, परदेशी विद्यापीठाचं घरबसल्या एमबीए, असे फोन संध्याकाळी सातनंतरच का येतात कोण जाणे. डिसेंबर २०२३मध्ये यूजीसीनं अशा परदेशी संस्थांशी हातमिळवणी करणाऱ्या ॲपवाल्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता, ती पदवी इथे धरली जात नाही.

आणि आयआयएमचं नाव लागलेलं प्रत्येक सर्टिफिकेट म्हणजे एमबीए नव्हे. सहा-आठ महिन्यांचे ऑनलाइन प्रमाणपत्र कोर्स निघाले आहेत. एखादा विषय शिकायला चांगले असतील, पण दीड-दोन लाख देऊन व्हॉट्सॲप ग्रुपवर "एमबीए झालो" म्हणून पेढे वाटणं थांबवा.

डिप्लोमावाल्या भावांसाठी वेगळं लिहायला पाहिजे, कारण एमआयडीसीत जास्त तेच आहेत. दहावीनंतरचा तीन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे पदवी नाही, त्यावर एमबीएला प्रवेश मिळत नाही. आधी पदवी लागते. मग पुन्हा इंजिनीअरिंग करू का? माझं मत नको. ते तुम्हाला येतं. मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. करा. लोक हसतील, "फिटर बी.कॉम. करून रायला." पण खरं सांगू का, वर जो चाळीस लाखांच्या मशीनचा हिशोब मांडला तो बी.कॉम.च्याच पुस्तकात आहे. अर्ध्या जणांना एमबीएची गरजही उरणार नाही. हिशोब, कॉस्टिंग, व्यापारी कायदे आणि कर एवढं आलं तरी माणूस टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जाऊ शकतो.

अभ्यासाबद्दल दोन गोष्टी. पहिली, हात. वीस वर्षांत सही आणि लॉगबुक सोडून आपण काही लिहिलेलं नसतं. तीन तास पेनानं लिहायचं म्हणजे बोटं आखडतात. परीक्षेच्या दोन महिने आधीपासून रोज अर्धा तास नुसतं लिहा. दुसरी गोष्ट अवघड आहे. अनुभवी माणूस पुस्तक वाचताना सारखा वाद घालतो, "असं कुठं असतं प्लांटमध्ये." वाद घाला, पण उत्तरपत्रिकेत नको. तपासणाऱ्याला तुमचा प्लांट माहीत नाही, त्याला पुस्तकातली व्याख्या पाहिजे. ती द्या, मग खाली आपलं उदाहरण लिहा.

विषयांत कॉस्टिंग, आर्थिक व्यवस्थापन आणि कायदा यांवर जीव लावा. २१ नोव्हेंबर २०२५पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आहेत. ओव्हरटाइम, कंत्राटी कामगार, नियुक्तीपत्र, सगळ्याचे शब्द बदलले. सुपरवायझरला हे माहीत नसेल तर उद्या सही त्याची असते आणि नोटीसही त्याच्याच नावे येते. मार्केटिंगच्या इंग्रजी केस स्टडी राहिल्या तर राहू द्या.

ताईचा प्रश्न थोडा वेगळा होता. तिला अभ्यासाची भीती नाही, वेळेची आहे. तिचा दिवस सकाळी साडेपाचला सुरू होतो आणि रात्री साडेदहाला ओटा पुसून संपतो. पुरुष "मी अभ्यास करतोय" म्हणून दार लावून घेऊ शकतो, तिच्या दाराला कडीच नाही. मी तिच्या नवऱ्यालाच फोन केला. माझा जुना मित्र आहे, म्हणून बोलू शकलो. म्हटलं, लेका, रविवारचा स्वयंपाक आणि रोज सकाळचा डबा दोन वर्षं तू कर, फी तिच्या पगारातून जाते आहे, तुला फक्त पोळ्या शिकायच्या आहेत. पाहू काय करतो ते.

आता एक मागणी, आणि ही पोस्ट विद्यापीठाच्या कुणी वाचली तर बरं. जगात अनुभवी माणसाला वेगळं बसवून शिकवायची कल्पना नवी नाही. शिकागो विद्यापीठानं नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी एमबीए सुरू केलं ते १९४३ला. मुंबईत जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट १९६५ची, तिथे नोकरदारांसाठी तीन वर्षांचे अर्धवेळ अभ्यासक्रम वर्षानुवर्षं चालले, मुंबईतल्या कारखान्यांचे कितीतरी इंजिनीअर त्यातून वर गेले. अभियांत्रिकीच्या पदविका-पदवीसाठी एआयसीटीईनंही २०२३पासून नोकरदारांच्या सोयीच्या वेळेत वर्ग घ्यायला वाट मोकळी केली. आपलं संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ १९८३चं, पाच जिल्ह्यांचं. व्यवसाय व्यवस्थापनाचा विभाग आहे, बडनेऱ्यापासून शेगावपर्यंत जुनी इंजिनीअरिंग कॉलेजं आहेत, संध्याकाळी सहानंतर त्या इमारतींत लाइट बंद असतात.

तिथे शनिवार-रविवारचं, तीन वर्षांचं एमबीए चालवा. निदान दहा वर्षांचा कामाचा अनुभव ही प्रवेशाची अट ठेवा, ४५ सेकंदांच्या प्रश्नांऐवजी मुलाखत घ्या. तो स्वतःच्या प्लांटमधली कोणती अडचण सोडवणार हे विचारा. इंटर्नशिपच्या जागी त्याच अडचणीवर प्रकल्प करू द्या. बडनेऱ्याच्या रेल्वे वर्कशॉपचा माणूस, पारसचा, नांदगाव पेठेचा, अकोल्याच्या दाल मिलचा आणि महावितरणचा असे तीस जण एका वर्गात बसले तर त्या वर्गात शिकवायला येणारा प्राध्यापकही दोन गोष्टी शिकून जाईल. एक वर्ग अमरावतीत आणि एक अकोल्यात घ्या, कारण पारस-बाळापूरच्या माणसानं पाळी संपवून शंभर किलोमीटर यायचं म्हटलं तर तो येणार नाही. आणि तारखा हंगाम पाहून लावा. डिसेंबर-जानेवारीत परीक्षा ठेवली तर जिनिंगवाला एकही बसणार नाही.

ज्यांनी चाळिशीनंतर अशी पदवी केली आहे, आपल्या पाच जिल्ह्यांतले, त्यांनी खाली लिहा. कोणत्या वर्षी, कुठून, किती खर्च आला, आणि कामात काय बदललं तेवढं. अभिनंदनाचे हार नकोत. आणि कुणाकडे कॉस्टिंगची जुनी मराठी पुस्तकं पडली असतील तर सांगा, पारसवाल्याला पाहिजेत. त्याचा फॉर्म भरून झालाय.